क्रो आणि कॅनडातील आदिवासी : जमीन कुणाच्या नावावर, निर्णय कुणाच्या हाती?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एवढ्या लांबचा विषय आम्ही का घेतला, असे मघाशी एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच 'रेड इंडियन' पाहिलेले आहेत. डोक्याला पिसे, हातात भाला, घोड्यावर बसलेले. पुढे त्यांचे काय झाले, ते आज कुठे राहतात, पोट कसे भरतात, पोरं कुठल्या शाळेत जातात, हे त्या पुस्तकात नसते. आमच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला आणि आम्ही वाचत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. अमेरिका आणि कॅनडा हे दोन शेजारी देश. मध्ये फक्त नकाशावरची एक सरळ रेघ. रेघेच्या अलीकडच्या सरकारने आदिवासींची जमीन माणशी वाटून टाकली. पलीकडच्या सरकारने ती सामाईकच ठेवली, पण आपल्या मुठीत ठेवली. तऱ्हा दोन, आणि दोन्हीकडे माणसे गरीबच राहिली. असे का झाले, एवढेच आज मांडायचे आहे.

सुरुवातीला एका शब्दाचा खुलासा करतो. आपल्याकडे रिझर्व्हेशन म्हटले की नोकरीतल्या आणि शिक्षणातल्या राखीव जागा डोळ्यांसमोर येतात. तिकडे रिझर्व्हेशन म्हणजे राखीव प्रदेश, कॅनडात त्यालाच रिझर्व्ह म्हणतात. पुष्कळांचा समज असा, की सरकारने दया येऊन आदिवासींना काही जमीन दिली. तसे नाही. करार करताना जमातींनी बाकीचा मुलूख सोडला आणि जो तुकडा स्वतःसाठी राखून ठेवला, तो हा राखीव प्रदेश. दिलेला नव्हे, राखलेला. हा फरक लक्षात ठेवला नाही तर पुढचे काहीच कळायचे नाही.

आता क्रो लोकांविषयी. क्रो म्हणजे इंग्रजीत कावळा. त्यांचे स्वतःचे नाव अप्सालोके, मोठ्या चोचीच्या पक्ष्याची लेकरे असा त्याचा अर्थ सांगतात. परक्यांनी भाषांतर करताना त्याचा कावळा केला, आणि तेच नाव सरकारदरबारी चिकटले. अमेरिकेच्या मोंटाना राज्याच्या दक्षिणेला हे राहतात. नोंदलेले सभासद तेरा-चौदा हजारांच्या घरात, त्यातले बरेचसे राखीव प्रदेशात. क्रो एजन्सी, लॉज ग्रास, प्रायर, वायोला ही त्यांची गावे.

१८५१ च्या फोर्ट लॅरमीच्या करारात अमेरिकन सरकारने सुमारे ३ कोटी ८५ लाख एकर मुलूख क्रोंचा म्हणून मान्य केला. १८६८ च्या दुसऱ्या करारात तो सुमारे ८० लाख एकरांवर आला. मग १८८२, १८९१, १९०४ असे एकेक लचके तोडले गेले आणि आज सीमा उरली ती सुमारे २३ लाख एकरांची. आणि बघा, हे क्रो काही सरकारशी लढले नव्हते! उलट शेजारच्या बलाढ्य जमातींचा धोका ओळखून त्यांनी गोऱ्या सैन्याशी दोस्ती केली होती. १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या प्रसिद्ध लढाईत जनरल कस्टरच्या फौजेला वाट दाखवणारे टेहळे क्रो होते. ती रणभूमी आज क्रोंच्याच राखीव प्रदेशाच्या सीमेत आहे. जे लढले त्यांची जमीन गेली, आणि जे सोबत राहिले त्यांचीही गेली.

पण सीमा आक्रसली हे अर्धेच दुखणे. खरे दुखणे सीमेच्या आतले आहे. १८८७ साली अमेरिकेत डॉज कायदा झाला. आदिवासींनी जमातीने राहणे सोडावे, प्रत्येकाने आपापला तुकडा कसावा, म्हणजे ते 'सुधारतील', असा त्यामागचा विचार. सामाईक जमीन माणशी वाटायची, काही वर्षे सरकार तिचे विश्वस्त राहील, आणि नंतर ती विकायची मोकळीक. क्रोंच्या जमिनीवर तर मोंटानाच्या सिनेटरांचाच डोळा होता. वाटून उरलेली जमीन गोऱ्यांना खुली करावी म्हणून विधेयकांमागून विधेयके आली. त्या वेळी रॉबर्ट येलोटेल नावाचा एक तरुण क्रो वॉशिंग्टनला जाऊन कायद्याची कलमे वाचून भांडला. त्याच्या मागे होते प्लेंटी कूज, क्रोंचे अखेरचे प्रमुख सरदार. शिक्षण असेल तर तुम्ही गोऱ्याच्या बरोबरीचे, नसेल तर त्याचे बळी, अशा अर्थाचे सरदारांचे बोलणे क्रो लोक आजही पोरांना ऐकवतात. अखेर १९२० च्या क्रो कायद्याने सगळी जमीन क्रोंमध्येच वाटली गेली. जमीन बाहेर खुली झाली नाही, हा तेवढ्यापुरता विजयच म्हटला पाहिजे.

त्या कायद्यात एक फार शहाणपणाचे कलम होते. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन आहे, म्हणजे ६४० एकर शेतीची किंवा १,२८० एकर चराऊ, अशा कुणाला क्रोंची जमीन विकता येणार नाही. हेतू असा की बडे जमीनदार शिरू नयेत. कागदावर उत्तम! अंमलबजावणी मात्र झालीच नाही म्हटले तरी चालेल. बडे रँचवाले शिरले, आणि सरकारी कचेरीतून मंजुऱ्याही मिळत गेल्या. कलम होते, पण ते चालवणारा हात क्रोंचा नव्हता.

वाटणीची दुसरी फजिती आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावर वारसांची नावे कशी वाढत जातात ते आपण पाहतोच. आजोबांच्या नावावर तुकडा होता, मृत्युपत्र नाही, मग पाच मुले, मग वीस नातवंडे. तिकडे आज एकेका तुकड्याला शेकडो मालक असण्याचे प्रकार आहेत. अमुक भाग माझा असे दाखवता येत नाही, फक्त अंश तेवढा नावावर. अशा जमिनीवर घर बांधायचे तर किती जणांच्या सह्या गोळा करणार? मग सोपा मार्ग उरतो, भाडेपट्टा. गोरा शेतकरी पट्ट्याने जमीन घेतो, गहू पिकवतो, गुरे चारतो, आणि मालकाला वर्षाकाठी थोडीशी रक्कम मिळते. १९१८ नंतर थॉमस कॅम्पबेल नावाच्या गव्हाच्या बड्या शेतकऱ्याने मॉर्गन या सावकारी घराण्याचे भांडवल घेऊन मोंटानातल्या आदिवासींच्या, त्यात क्रोंच्याही, जमिनी पट्ट्याने घेतल्या आणि ट्रॅक्टर लावून प्रचंड गव्हाची शेती उभी केली. मालक क्रो, पीक दुसऱ्याचे.

एलुईज कोबेल या मोंटानातल्याच ब्लॅकफीट जमातीच्या बाईंचेही नाव इथे घेतले पाहिजे. या भाडेपट्ट्यांचा, तेला-कोळशाचा पैसा विश्वस्त म्हणून सरकारकडे जमा होतो, त्याचा हिशेब कुठाय, असा प्रश्न करून त्यांनी १९९६ साली खटला भरला. २००९ साली ३४० कोटी डॉलरांची तडजोड झाली. तेरा वर्षे लागली, आणि हिशेब काही पुरता लागला नाही तो नाहीच.

१९८१ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रो प्रदेशातल्या मालकीचे आकडे दिले आहेत. ५२ टक्के जमीन एकेकट्या क्रोंच्या वाट्याची, १७ टक्के जमातीची, आणि सुमारे २८ टक्के सरळ सरळ बिगर-आदिवासींच्या मालकीची. निकाल काय लागला? बिगहॉर्न नदीचे पात्र जमातीचे नाही, राज्याचे. आणि बिगर-आदिवासींच्या जमिनीवर त्यांच्या शिकारीला व मासेमारीला जमात नियम लावू शकत नाही. स्वतःच्या प्रदेशातून वाहणारी नदी, आणि तिचा तळ दुसऱ्याचा.

आता रेघ ओलांडू.

कॅनडात २०२१ च्या शिरगणतीत सुमारे १८ लाख लोकांनी आपण मूळ रहिवासी असल्याचे नोंदवले, म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्के. त्यांत तीन समाज : फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट. राखीव प्रदेशांचा प्रश्न मुख्यतः फर्स्ट नेशन्सचा, आणि ते १० लाखांच्या थोडे वर आहेत. त्यांच्या सहाशेहून अधिक जमाती, आणि तीन हजारांवर रिझर्व्ह. आकडा मोठा वाटतो ना? पण ही बहुतेक ठिगळे आहेत. क्षेत्रफळाने कॅनडातला सगळ्यांत मोठा रिझर्व्ह अल्बर्टात काइनाई लोकांचा आहे, सुमारे १,४०० चौरस किलोमीटर. क्रोंचा प्रदेश ९,००० हून अधिक. देशभरातले सगळे रिझर्व्ह एकत्र केले तरी अमेरिकेतल्या एकट्या नवाहो प्रदेशात मावतील.

काइनाई हे ब्लॅकफूट लोकांपैकी, म्हणजे क्रोंचे जुने वैरी. त्यांचे भाऊबंद सिक्सिका आणि पिकानी तिकडे अल्बर्टात, आणि ब्लॅकफीट इकडे मोंटानात. कोबेलबाई यांच्याच. एकाच गोतातली माणसे, पण मधून आंतरराष्ट्रीय सीमा गेली. १८७७ साली कॅनडातल्या ब्लॅकफूटांनी सातवा करार केला. त्या काळातल्या करारांत माणशी दरसाल ५ डॉलर देण्याचे ठरले होते. तेवढेच ५ डॉलर आजही दिले जातात, त्यात वाढ म्हणून नाही. १८७७ मध्ये ५ डॉलरांत काय येत असेल आणि आज काय येते, हिशेब ज्याचा त्याने करावा.

कॅनडाने जमीन माणशी विकाऊ केली नाही. रिझर्व्हची जमीन कायद्याने राजसत्तेच्या नावावर, जमातीच्या उपयोगासाठी. वरवर पाहता क्रोंच्या वाटणीपेक्षा हे बरेच वाटते. जमीन तुकड्या-तुकड्याने बाजारात गेली नाही हे खरे. पण सरकारी दबावाखाली जमातीकडून एकगठ्ठा 'सोडून' घेण्याचे प्रकार झाले. १९१० साली सिक्सिका लोकांचा जवळजवळ अर्धा रिझर्व्ह, सुमारे १ लाख १५ हजार एकर, असाच गेला. आणि जी जमीन राहिली तिच्यावर राज्य होते १८७६ च्या इंडियन कायद्याचे.

हा कायदा मुळातून समजून घेण्यासारखा आहे. गवताळ प्रदेशातले काही आदिवासी शेतीत चांगले पुढे येऊ लागले होते, यंत्रे घेऊन धान्य विकू लागले होते. तेव्हा १८८९ पासून सरकारने धोरण आणले, की यांनी हाताच्या अवजारांनीच शेती करावी, थोडक्या जमिनीवर, घरच्या पोटापुरती. स्वतः पिकवलेले धान्य आणि पोसलेली गुरे विकायची तर सरकारी एजंटाची लेखी परवानगी. पलीकडे क्रोंच्या जमिनीवर परक्याचा ट्रॅक्टर, आणि अलीकडे स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे यंत्र चालवायची बंदी. आणि वर म्हणायचे, ही माणसे शेती करत नाहीत, आळशी आहेत!

त्याच १८७६ च्या कायद्यात आणखी एक तरतूद होती. जो इंडियन विद्यापीठाची पदवी घेईल, डॉक्टर होईल, वकील होईल, धर्मगुरू होईल, तो कायद्याने इंडियन राहणार नाही. शिकलात की जमातीतून बाहेर! पुढे ती सक्ती सैल झाली. पण १९२७ मध्ये दुसरे कलम आले : जमिनीच्या दाव्यासाठी सरकारच्या मंजुरीशिवाय वर्गणी गोळा करणे हाच गुन्हा. वर्गणीशिवाय वकील कुठून लावणार? हे कलम १९५१ पर्यंत राहिले. दर्जा न गमावता संसदेसाठी मतदान करण्याचा हक्क त्यांना १९६० साली मिळाला. अमेरिकेत नागरिकत्व १९२४ ला आले, पण तिथेही कागदाला किती किंमत ते सांगतो. क्रो राहतात त्या बिगहॉर्न जिल्ह्यात निवडणुकीची पद्धतच अशी होती की आदिवासींची मते बुडून जायची. लिटल बिगहॉर्न कॉलेजच्या अध्यक्षा जनीन विंडी बॉय आणि इतरांनी दावा लावला आणि १९८६ मध्ये न्यायालयाने ती पद्धत बेकायदा ठरवली. हे कॉलेज क्रोंनी १९८० मध्ये स्वतः उभे केलेले आहे.

माता-भगिनींसाठी एक मुद्दा मुद्दाम सांगतो. क्रोंमध्ये कुळ आईकडून चालते. मूल आईच्या कुळाचे, आणि बापाच्या कुळातली माणसे मानाची. नाव ठेवणे, चारचौघांत कौतुक करणे हा त्यांचा मान. कॅनडाच्या कायद्याने काय केले? आदिवासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले की तिचा दर्जा गेला. रिझर्व्हवर घर नाही, आईबापाच्या जमिनीत वाटा नाही. पुरुषाने बाहेरची बायको केली तर मात्र ती गोरी बाई कायद्याने इंडियन! जेनेट लव्हेल न्यायालयात गेल्या, १९७३ मध्ये हरल्या. सँड्रा लव्हलेस संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेल्या, १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरले. १९८५ मध्ये कायदा बदलला, आणि उरलेली विषमता काढायला २०१९ उजाडले. दोन्ही बायांनी हे भांडण सरकारशी केले, आणि आपल्या जमातीतल्या काही पुरुष पुढाऱ्यांशीही.

आता कमाईकडे येऊ. क्रोंच्या ताब्यात कोळसा आहे, फार मोठा साठा. १९७४ पासून अब्सालोका खाणीतून जमातीला स्वामित्वधन मिळू लागले. पण राज्याने त्या कोळशावर जबर कर बसवला. तो कर अवैध ठरला, तरी १९७५ ते १९८२ या काळात वसूल झालेले सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर जमातीला परत देता येणार नाहीत, असे १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. कर चुकीचा, पण पैसे राज्याकडेच! पुढे कोळशाची मागणीच घसरली. २०१७ मध्ये जमातीच्या कचेरीतल्या शेकडो नोकरांना घरी बसावे लागले, २०१८ मध्ये खाण चालवणाऱ्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एकाच पिकावर अवलंबून राहिलेल्या शेतकऱ्याची जी गत, तीच झाली.

धरणाची गोष्टही तशीच. बिगहॉर्न नदीवर १९६० च्या दशकात मोठे धरण झाले. त्याची जागा विकायला ज्याने कडाडून विरोध केला, त्याच रॉबर्ट येलोटेलचे नाव धरणाला दिले! पाण्यावरच्या हक्काची तडजोड व्हायला २०१० साल उजाडले.

कॅनडातही सगळे एकसारखे नाहीत. नोव्हा स्कॉशियातल्या मेम्बरटूसह मिक्मॉ लोकांच्या जमातींनी एकत्र येऊन २०२१ मध्ये क्लिअरवॉटर ही मासळीची बलाढ्य कंपनी निम्मी विकत घेतली. त्यामागे १९९९ चा मार्शल निकाल होता, ज्याने १७६० च्या करारातला मासेमारीचा हक्क जिवंत ठरवला. शहराजवळच्या आणि ज्यांचा हक्क न्यायालयात टिकला अशांनी मान वर काढली. उलट ओंटारिओच्या उत्तरेला नेस्कांटागा ही वस्ती आहे, तिथे १९९५ पासून नळाचे पाणी उकळून प्या अशी सूचना वर्षानुवर्षे लागून राहिली. गोड्या पाण्याच्या तळ्यांनी भरलेला देश! रिझर्व्हची जमीन गहाण ठेवता येत नाही, म्हणून बँक कर्जाला सहसा उभे करत नाही. क्रोंच्या विश्वस्त जमिनीचीही तीच रड. म्हणून दोन्हीकडे घरांची टंचाई, आणि एकेका घरात दोन-तीन कुटुंबे.

मुलांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते फार जड आहे. कॅनडाच्या निवासी शाळांत दीड लाखाहून अधिक मुले आईबापांपासून तोडून नेली गेली. १९२० पासून ती सक्ती होती. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. सरकारने २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिकडच्या अशाच शाळांबद्दल माफी मागायला २०२४ साल लागले. आज कॅनडात चौदा वर्षांखालील मुलांत मूळ रहिवासी ७.७ टक्के, पण सरकारी व्यवस्थेने परक्या घरांत ठेवलेल्या मुलांत त्यांचे प्रमाण ५३.८ टक्के. मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसचा जॉर्डन अँडरसन हा आजारी मुलगा. घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने द्यायचा की प्रांताने, या वादात त्याला दोन वर्षांहून जास्त काळ विनाकारण रुग्णालयात ठेवले, आणि २००५ मध्ये पाच वर्षांचा असताना तो तिथेच वारला. आधी मुलाला सेवा द्या, बिलाचे भांडण मागाहून करा, हे तत्त्व आता त्याच्या नावाने ओळखले जाते.

मघाशी सिक्सिकांच्या १९१० च्या जमिनीबद्दल बोललो. २०२२ च्या जूनमध्ये कॅनडा सरकारने त्याबद्दल १३० कोटी डॉलर देण्याचा समझोता केला. गेलेली जमीन त्यात परत मिळाली नाही. कुणी खुशीने विकत असेल तर ती विकत घेऊन रिझर्व्हला जोडण्याची मोकळीक मिळाली. इकडे कोबेलबाईंच्या तडजोडीतला काही पैसा, १९० कोटी डॉलर, वारसांमध्ये फुटलेले अंश विकत घेऊन जमातींच्या नावावर करण्यासाठी ठेवला होता. क्रोंच्या प्रदेशातही त्यातून खरेदी झाली. ती योजना २०२२ मध्ये संपली, फुटलेले अंश अजून ढिगाने शिल्लक आहेत. म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूंना आज एकच काम चालू आहे : आजोबांनी करारात राखून ठेवलेली जमीन नातवंडे आजच्या भावाने विकत घेत आहेत.